मुंबईवरची व्याख्यानं ऐकायला जायचंय? सुरुवात आपल्या वॉर्डापासून करा

मुंबईत शहराविषयीच्या जाहीर कार्यक्रमांना तोटा नाही. पुनर्विकास, पाणी, पूर, कचरा, मोकळ्या जागा, बससेवा, खारफुटी, वाढता उकाडा अशा विषयांवर कुठे ना कुठे कोणी तरी बोलत असतं, आणि बहुतेक ठिकाणी आत जायला पैसे पडत नाहीत. पण खुर्च्यांवर कोण बसलंय ते पाहिलं तर आर्किटेक्चरचे विद्यार्थी, काही प्राध्यापक, पत्रकार आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते हीच मंडळी दिसतात. पडद्यावर ज्या चाळीचा फोटो असतो त्या चाळीतलं कोणी नसतं. ज्या नाल्याचा नकाशा दाखवतात त्याच्या काठावर राहणारं कोणी नसतं. मला ही गोष्ट मनापासून खटकते. आपल्या घराबद्दल, आपल्या रस्त्याबद्दल बोललं जात असताना आपण तिथे असायला हवं.

तिथे जायला पदवी लागत नाही. इंग्रजी अडखळत असलं तरी चालतं. आपल्या वॉर्डाची पक्की माहिती मात्र लागते, आणि तिची सुरुवात घरबसल्या एका संध्याकाळी होऊ शकते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी, काय आधी करायचं आणि काय नंतर, ते पुढे क्रमाने लिहितो.

व्याख्यानाच्या आधी: आपला नकाशा उघडा

मुंबईत 'वॉर्ड' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात आणि इथेच नव्या माणसाचा गोंधळ होतो. एक, महापालिकेचे प्रशासकीय विभाग, ज्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. दादर, माहीम, धारावी जी उत्तरमध्ये, कुर्ला एलमध्ये, घाटकोपर एनमध्ये, गोवंडी, मानखुर्द, देवनार एम पूर्वमध्ये, भांडुप एसमध्ये. प्रत्येक विभागाचं स्वतःचं कार्यालय असतं आणि तिथे सहायक आयुक्त बसतात. दुसरे, निवडणुकीचे प्रभाग. ते 227 आहेत आणि प्रत्येकातून एक नगरसेवक निवडून येतो. संशोधक 'वॉर्डनिहाय आकडे' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पहिला अर्थ असतो. आपण कुठल्या विभागात आणि कुठल्या प्रभागात राहतो हे दोन्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

त्यानंतर विकास आराखड्याचा, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्याचा, नकाशा. सध्याचा आराखडा 2034 पर्यंतचा आहे आणि राज्य सरकारने तो 2018 साली मंजूर केला. महापालिकेच्या संकेतस्थळावर त्याचे नकाशे बघायला मिळतात. आपल्या गल्लीचा नकाशा उघडला की पहिल्यांदा रंगच दिसतात: निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळट. थोडं मोठं करून पाहिलं की तुकड्यांवर छोटी अक्षरं आणि आकडे दिसू लागतात. 'आरओएस 1.5' लिहिलं असेल तर ती जागा बाग किंवा उद्यानासाठी आरक्षित आहे. 'आरओएस 1.4' म्हणजे खेळाचं मैदान. 'आरई 1.1' म्हणजे महापालिकेची शाळा. बाकीच्या खुणांचे अर्थ आराखड्यासोबतच्या सूचीत मिळतात.

आता घराजवळचं असं एक आरक्षण निवडा आणि चालत जाऊन बघून या. कागदावर बाग आहे, तिथे प्रत्यक्षात काय आहे? गॅरेज असेल, वस्ती असेल, पत्रे लावून बंद केलेला भूखंड असेल, किंवा खरोखरच बाग असेल आणि आजोबा मंडळी बाकांवर बसलेली असतील. जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवा, दोन फोटो काढा. नगरनियोजनावरच्या कुठल्याही व्याख्यानाला याहून चांगली तयारी मला माहीत नाही. यानंतर सभागृहात 'आरक्षणांची अंमलबजावणी' हे शब्द कानावर आले की तुमच्या डोळ्यांसमोर ती जागा उभी राहते.

थोडं गणित, थोडे शब्द

एफएसआय कळल्याशिवाय मुंबईवरचं एकही व्याख्यान पुरतं समजत नाही, म्हणून इथे जरा थांबू. मराठीत याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, एवढंच तो सांगतो. तुमच्या सोसायटीचा भूखंड 1,000 चौरस मीटरचा आहे असं धरा. शहर भागात, म्हणजे साधारण माहीम आणि सायनच्या दक्षिणेला, मूळ निर्देशांक 1.33 आहे, म्हणजे 1,330 चौरस मीटर बांधकाम. उपनगरात मूळ निर्देशांक 1, म्हणजे 1,000 चौरस मीटर. इमारत भूखंडाच्या 400 चौरस मीटरवर उभी राहिली तर या हिशेबात ती अडीच-तीन मजल्यांचीच होईल. मग आपल्यासमोरचे वीस-तीस मजली टॉवर कुठून आले? मूळ निर्देशांकावर पैसे भरून मिळणारा वाढीव निर्देशांक, टीडीआर (हा काय ते पुढे सांगतो), आणि पुनर्विकासाच्या वेगवेगळ्या नियमांखाली मिळणारी भर अशी चढती भाजणी असते. बिल्डर सोसायटीच्या सभेत जो आकडा सांगतो, तो यातल्या कुठल्या पायरीवरचा आहे हे विचारता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. रस्त्यासाठी किंवा मैदानासाठी जमीन सोडणाऱ्या मालकाला रोख पैशांऐवजी दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क मिळतो आणि तो विकताही येतो. मुंबईत तो 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणला. त्या नियमावलीत हा हक्क शहर भागात वापरायला बंदी होती, त्यामुळे तो सगळा उपनगरांवर उतरला. अंधेरी, मुलुंड, बोरिवलीतल्या जुन्या तीन मजली इमारतींवर नव्वदच्या दशकानंतर आणखी मजले चढलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांनी टीडीआर पाहिलेलाच आहे.

आणखी चारच शब्द ओळखीचे करून घ्या. एसआरए, म्हणजे 1995 साली सुरू झालेलं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे केंद्राचे निर्बंध. डीसीपीआर, म्हणजे आराखड्याबरोबरची नियमावली. आणि एमएमआर, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश. या शेवटच्या शब्दाकडे नीट लक्ष द्या. वक्ता 'मुंबई' म्हणतो तेव्हा तो महापालिकेच्या हद्दीबद्दल बोलत असेल, किंवा ठाणे, कल्याण, वसई-विरार, नवी मुंबई, पनवेल धरून सहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या प्रदेशाबद्दल. डोंबिवलीहून रोज लोकलने येणारा माणूस पहिल्या हिशेबात कुठेच नसतो, दुसऱ्यात असतो.

कुठे जायचं

सर्वांत दाट जागा म्हणजे काळा घोडा आणि आसपास. 1984 साली स्थापन झालेली अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट इथेच आहे आणि मुंबईच्या नगररचनेवर सातत्याने काम करणाऱ्या संस्थांमध्ये तिचं नाव आधी घ्यावं लागतं. जवळच मॅक्स म्युलर भवन, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि रीगलजवळच्या हॉर्नबिल हाउसमध्ये 1883 पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून गेलात की एशियाटिक सोसायटी. 1999 पासून दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात नगररचना आणि वास्तुकलेचा वेगळा विभाग असतो, वारसा फेऱ्याही असतात. गर्दी फार होते हे खरं, पण घरच्यांना सोबत घेऊन जायला ही चांगली सुरुवात आहे. सीएसएमटी किंवा चर्चगेटहून हा सगळा पट्टा चालण्याच्या अंतरावर आहे. नरिमन पॉइंटला यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात धोरण, पाणी, शेती, शहर अशा विषयांवर मराठीतही कार्यक्रम होतात.

दक्षिणेला यायला जमत नसेल तरी अडत नाही. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. ती 1936 ची, आणि तिथल्या हॅबिटॅट स्टडीजच्या विभागात घरं, पाणी, वस्ती यांवर संशोधन चालतं. गोवंडी स्टेशनहून रिक्षा मिळते. पवईला आयआयटी. जुहूला कमला रहेजा विद्यानिधी आणि बोरिवलीला स्कूल ऑफ एन्व्हायर्नमेंट अँड आर्किटेक्चर ही वास्तुकलेची महाविद्यालयं आहेत. तिथे पाहुण्यांची व्याख्यानं होतात आणि वर्षअखेरीला विद्यार्थ्यांच्या कामाची प्रदर्शनं लागतात. ही प्रदर्शनं चुकवू नका. एखाद्या विद्यार्थ्याने तुमच्याच भागातल्या बाजाराचा किंवा कोळीवाड्याचा इंच-इंच मोजून नकाशा काढलेला असतो, आणि तो दाखवायला त्याला कोणी हवंच असतं.

आणि मराठी मंडळींना घरच्या वाटतील अशा जागा आहेतच. चुनाभट्टीचं विज्ञान भवन, म्हणजे 1966 साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचं घर. तिथे शहरी शेतीवर वर्षानुवर्षं काम चाललंय. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ 1923 चा. गोरेगावचं केशव गोरे स्मारक तर नागरी प्रश्नांवरच्या सभांचं जुनं ठिकाण. यातल्या काही ठिकाणी शहर हा विषय क्वचित येतो. म्हणून एक सुचवतो: तुमच्या भागातल्या वाचनालयाच्या किंवा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांना भेटा आणि 'पुढच्या मालेत आपल्या वॉर्डाच्या आराखड्यावर एखादं व्याख्यान ठेवा' असं सांगा. अशी मागणी झाली तरच कार्यवाह मंडळी वक्ता शोधू लागतात.

कार्यक्रमांची खबर मिळवायला फार खटपट लागत नाही. दोन-तीन संस्थांची पानं मोबाइलवर फॉलो करा, त्यांच्या ईमेल यादीत नाव घाला, आणि मराठी वृत्तपत्रांतल्या कार्यक्रमांच्या सदरावर नजर ठेवा. शैक्षणिक संस्थांच्या फाटकावर ओळखपत्र मागतात, तेव्हा आधार किंवा पॅन जवळ ठेवा. नोंदणी मागितली असेल तर आदल्या दिवशीच करा. कार्यक्रम बहुधा संध्याकाळी सहा-साडेसहाला असतात, म्हणजे बदलापूर-विरारकडच्यांना ऐन गर्दीत परतावं लागतं. त्यांनी शनिवार सकाळचे कार्यक्रम आधी शोधावेत.

पहिला कार्यक्रम कोणता निवडावा

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा फेरी निवडा, सभागृह नंतर. जाणकाराबरोबर दोन तास गिरणगावातून चालणं हे नव्या माणसासाठी बंद खोलीतल्या चाळीस स्लाइडींपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. लालबाग-परळमध्ये एका बाजूला बंद गिरणीची चिमणी, दुसऱ्या बाजूला काचेचा टॉवर आणि मधे बैठी चाळ बघताना जमिनीचा प्रश्न आपोआप समोर येतो. मग घरी येऊन त्यामागचा नियम वाचा. 1991 च्या नियमावलीच्या कलम 58 खाली गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि हे वाटे गिरणीच्या सगळ्या जमिनीऐवजी फक्त रिकाम्या असलेल्या जमिनीचे करायचे ठरले. मैदानांच्या आणि घरांच्या वाट्याला येणारी जमीन त्यामुळे एकदम आटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2006 साली बदललेला नियम कायम राहिला. 1982 च्या संपाबद्दल आपल्याकडे घरोघरी बोललं गेलं. 2001 च्या या दुरुस्तीबद्दल फारच थोड्या घरांत बोललं गेलं असेल, आणि गिरणगावाच्या जमिनीचं पुढे काय झालं ते मोठ्या प्रमाणात तिथे ठरलं.

फेरीनंतर दुसरा कार्यक्रम निवडताना आपल्या रोजच्या त्रासाचा विषय घ्या. पावसाळ्यात घरात पाणी येतं? मग पुरावरचं व्याख्यान. सोसायटी पुनर्विकासाला निघालीय? मग गृहनिर्माणावरचं. 'एकविसाव्या शतकातलं शहर' छापाच्या भव्य शीर्षकांचे कार्यक्रम सध्या बाजूला ठेवा. विषय जितका छोटा आणि नेमका, तितकं नव्या माणसाच्या हाती जास्त लागतं.

अहवालांची प्रकाशनं थोडी वेगळी असतात. भाषणं जास्त, चर्चा कमी. पण छापील अहवाल फुकट मिळतो आणि त्यातलं आपल्या वॉर्डाचं पान कामाचं असतं.

सभागृहात काय ऐकायचं

पुढच्या तीन-चार रांगांत बसा. नकाशावरची अक्षरं मागून वाचता येत नाहीत. फोन शांत ठेवा, पण फोटोला परवानगी असेल तर ज्या स्लाइडवर आपला भाग दिसतो तिचा फोटो घ्या.

आकडा आला की तीन गोष्टी टिपा: तो कुठल्या वर्षाचा, कुठल्या हद्दीचा, आणि त्यात काय मोजलंय. वर्षाचं महत्त्व असं की लोकसंख्येसाठी आजही 2011 च्या जनगणनेचाच आधार घेतला जातो, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. तेव्हा मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती. त्यानंतर किती वस्त्या उठल्या, किती टॉवर आले, त्याचा हिशेब त्या आकड्यात नाही.

हद्दीचं महत्त्व समजायला 26 जुलै 2005 आठवा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला 75 मिलिमीटरसुद्धा झाला नाही. मग 'मुंबईत त्या दिवशी किती पाऊस झाला' या प्रश्नाला एकच उत्तर कसं द्यायचं? कुर्ला, कलिना, साकीनाका बुडत होतं आणि फोर्टमध्ये लोक ऑफिसात होते. त्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पूर या विषयावर जाणार असाल तर तिच्याबद्दल आधी थोडं वाचून जा. आणखी एक आकडा सोबत न्या: जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि 'ब्रिमस्टोवॅड' या 1993 च्या अहवालाने ती 50 मिलिमीटरपर्यंत वाढवायला सांगितलं. वक्त्याने पंपिंग स्टेशनांची नावं घेतली की तुमच्या भागातल्या नाल्याचं रुंदीकरण झालं का, हा पुढचा प्रश्न तुम्हाला आपसूक सुचेल.

तिसरी गोष्ट, काय मोजलंय. मुंबईत माणशी 1.24 चौरस मीटर मोकळी जागा आहे असा आकडा अनेकदा ऐकायला मिळतो. त्यात राष्ट्रीय उद्यान धरलंय का? खारफुटी धरलीय का? जिमखान्यांची मैदानं, जिथे सभासद नसलेल्याला पाऊल टाकता येत नाही, ती धरली आहेत का? प्रत्येक उत्तरागणिक आकडा बदलतो. जबाबदार संशोधक हे स्वतःच सांगतात. ज्यांनी सांगितलं नाही त्यांना नम्रपणे विचारायचं.

पाण्यावरच्या व्याख्यानात तर आपल्या हद्दीपलीकडे बघावंच लागतं. महापालिकेला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी फक्त विहार आणि तुळशी हे दोन मुंबईत आहेत. भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा हे सगळे ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. रोजच्या सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसाचा, आणि भातसा आहे शहापूर तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. आपल्या नळाचं पाणी कुणाच्या दारावरून येतं हे सांगत नाही ते पाण्यावरचं व्याख्यान अपुरंच.

प्रश्न विचारायची वेळ

मराठीत विचारा. बेधडक विचारा. वक्त्याला कळलं नाही तर सूत्रसंचालक किंवा शेजारचं कोणी तरी भाषांतर करतं, आणि मुंबईवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या बऱ्याच जणांना मराठी कळतंच. मराठीत प्रश्न आला की मागच्या रांगेतले आणखी दोघं हात वर करतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

प्रश्न तीन वाक्यांत बसवा: मी कुठे राहतो, मी काय पाहिलं, मला काय जाणून घ्यायचंय. 'महापालिका काहीच का करत नाही?' याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. त्याऐवजी, 'मी भांडुपला राहते. आमच्याकडे आराखड्यात मैदानाचं आरक्षण आहे, जागेवर वाहनतळ आहे. आरक्षणाची जागा ताब्यात घ्यायची पायरी कुठे अडते?' याला नेमकं उत्तर मिळतं.

मिठी नदीवरच्या एका कार्यक्रमात कुर्ल्याच्या क्रांतीनगरच्या एक बाई उठल्या होत्या. पडद्यावर नदीच्या पात्राचे छेद, भिंतींची उंची, गाळाचे आकडे असं सगळं होतं. त्यांनी विचारलं, 'पाणी वाढलं की आम्हाला हलवायला माणसं येतात. पण ती यायच्या आधी पातळी किती झाली हे आम्हाला कोण कळवतं? शाळेत नेतात तिथे बायकांना रात्र काढायची सोय आहे का?' वक्ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, हे आमच्या अभ्यासात नाही, असायला हवं होतं. पुढची वीस मिनिटं चर्चा इशारा देण्याच्या व्यवस्थेवरच झाली. अभ्यासकांकडे मापं असतात. त्या मापांत राहण्याचा अनुभव तुमच्याकडे असतो, आणि तो सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसा?

कार्यक्रम संपला की लगेच निघू नका. चहाच्या टेबलापाशी वक्ते निवांत बोलतात. 'या विषयावर मराठीत वाचायला काय आहे?' आणि 'हा नकाशा कुठे मिळेल?' हे दोन प्रश्न तिथे विचारा.

टिकाऊ राहणीवरचे कार्यक्रम

इथे एक सावधगिरी. या नावाखाली बांबूचे ब्रश आणि महागड्या पिशव्या विकणारे कार्यक्रमही होतात. ते टाळा. ज्यात हात मातीत घालायला मिळतो किंवा सोसायटीच्या पातळीवर काही करायला शिकवतात, तिकडे जा. विज्ञान परिषदेचे शहरी शेतीचे वर्ग त्यातले. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आवर्जून बघा. धारावीला लागून असलेल्या या सुमारे 37 एकर जागेवर पूर्वी शहराचा कचरा पडत असे, आणि आज तिथे जंगल आहे. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासून वापरात आहे, 2016 च्या आगीत तिथला धूर दिवसेंदिवस शहरावर पसरला होता. ही दोन ठिकाणं एकमेकांशेजारी ठेवून विचार केला की ओला कचरा घरात वेगळा का करायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे 20,000 चौरस मीटरांहून मोठं आवार किंवा दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा असलेल्यांना, ओल्या कचऱ्याचं खत आवारातच करायला महापालिकेने 2017 पासून सांगितलंय. तुमची सोसायटी त्यात बसत असेल तर कार्यक्रमाला सचिवांनाही घेऊन जा. खताच्या टाकीचा वास, जागा, रोज ढवळणारा माणूस आणि त्याचा पगार, या चार मुद्द्यांवर सोसायटीच्या सभेत घोडं अडतं, आणि त्यांची उत्तरं ज्यांनी केलंय त्यांच्याकडूनच मिळतात.

हवामानावरच्या व्याख्यानाला जाण्याआधी मुंबईचा हवामान कृती आराखडा चाळा. तो मार्च 2022 मध्ये जाहीर झाला आणि त्यात 2050 पर्यंत शहराचं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं ठरवलंय. ऊर्जा आणि इमारती, वाहतूक, कचरा, हिरवाई, हवा, पूर आणि पाणी अशी त्याची सहा क्षेत्रं आहेत. एकच निवडा आणि त्यातलं आपल्या वॉर्डात काय झालं तेवढंच विचारा.

ऐकलेलं कागदावर उतरवायचं

त्याच रात्री अर्धं पान लिहा: नवीन काय कळलं, कशावर विश्वास बसला नाही, जागेवर जाऊन काय बघायचं. चार-पाच कार्यक्रमांनंतर या पानांतून तुमच्या भागाची चांगली टिपणवही तयार होते.

तिचा खरा उपयोग हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की लोकांकडून हरकती आणि सूचना घ्याव्याच लागतात. मंजूर आराखड्यात पुढे फेरबदल करायचा असेल तर कलम 37 खाली नोटीस निघते आणि एक महिन्याची मुदत मिळते. या नोटिसा वृत्तपत्राच्या आतल्या पानात, बारीक टायपात असतात. 2015 च्या फेब्रुवारीत मुंबईचं प्रारूप प्रसिद्ध झालं तेव्हा रस्ते, वारसा इमारती, प्रार्थनास्थळं चुकीची दाखवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. नागरिकांनी, संस्थांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या, सभागृहांतून आणि गल्ल्यांतून त्या नकाशांची वाचनं झाली. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप मागे घेऊन नव्याने करायला सांगितलं. सुधारित प्रारूप पुढच्या वर्षी आलं. ज्यांना नकाशा वाचता येत होता त्यांनी हे घडवलं.

हरकत लिहायला वकील लागत नाही. कागदावर आपलं नाव, पत्ता, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख लिहा. नकाशाचा क्रमांक, जागेचा नगर भूमापन क्रमांक आणि आरक्षणाची खूण द्या. काय चुकीचं आहे ते दोन-तीन वाक्यांत सांगा, काय हवं ते एका वाक्यात. जागेचे तारखेसह काढलेले फोटो जोडा. मराठीत लिहा. प्रत्यक्ष सुनावणी हवी असेल तर तसं स्पष्ट नमूद करा, नाहीतर बोलावतीलच याचा नेम नाही. शेजारच्या पाच-सहा घरांनी वेगवेगळ्या शब्दांत, आपापला अनुभव लिहून स्वतंत्र अर्ज द्यावेत. एकच मजकूर शंभर जणांनी सह्या करून दिला तर तो एकच मुद्दा म्हणून मोजला जाण्याची शक्यता असते. दोन प्रती न्या, एक आवक खिडकीवर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक अशी पोच घ्या. ती पोच टिपणवहीतच चिकटवून ठेवा, कारण सुनावणीला बोलावणं आलं की पहिल्यांदा तोच क्रमांक विचारतात.